काचेच्या कपाटातली छत्री

जमलेल्या मंडळींनो, आणि शैलाअक्का,

आठ दिवस आपण सरांच्या दारावर सांत्वनाला जातोय, आज शाळेत जमलोय. मला बोलायला सांगितलं, कारण मी सुधाकर सरांचा विद्यार्थी आणि या शाळेचा मुख्याध्यापक. दोन्ही नात्यांनी आज तोंड उघडायची लाज वाटते.

आत्ताच आपले अध्यक्ष नाना म्हणाले, सर थोर शास्त्रज्ञ होते, त्यांचा पुतळा उभारू. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या!

सरांनी काय केलं होतं? कपाशीवर औषध फवारताना वारा फिरला, की ते माणसाच्याच नाकातोंडात जातं. सरांनी पंपाच्या नोझलभोवती पत्र्याचं झाकण बसवलं, रबराच्या किनारीचं. औषध झाडावर पडायचं, अंगावर यायचं नाही. इतकं साधं. आपण सरांना हसलो. "आबा, पंपले बी छत्री लागस का?" मग जळगावच्या प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला आणि आपलं हसणं थांबलं. त्याहून वाईट केलं आपण. तिची पूजा सुरू केली.

काचेचं कपाट आणलं. छत्री आत, कुलूप बाहेर, चावी माझ्या खिशात. दर दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, फोटो. सरांना शाल आणि नारळ. किती नारळ दिले हो आपण त्या माणसाला!

सर म्हणायचे, "भाऊ, हाई पूजानी वस्तू नही शे. वावरमा ने तिले." पारोळ्याचा पत्रेवाला तयार होता. नमुना आणा, तश्शा पाहिजे तेवढ्या करून देतो, म्हणाला होता. सरांचे हात तोवर कापायला लागले होते, दुसरी बनवणं त्यांच्याच्यानं होईना. म्हणून ते चावी मागायचे. मी म्हणायचो, संस्थेला विचारतो. विचारलं का? कधीच नाही. पाहुण्यांना दाखवायला शाळेत दुसरं होतं काय?

मग माझा सख्खा भाऊ फवारताना वावरात कोसळला. वाचला, पण त्याचे पाय आजही धड चालत नाहीत. धुळ्याला दवाखान्यात सर भेटायला आले. खाटेवर टेकले, त्याच्या पायावरून हात फिरवला आणि मला एवढंच म्हणाले, "आते तरी चाबी दे."

आणि मी काय म्हणालो? भाऊ समोर पडलेला असताना, मंडळी, मी म्हणालो, "संस्थेला विचारून सांगतो, सर."

त्यानंतर त्यांनी चावी मागितली नाही. दसऱ्याला बोलावलं की यायचे, शाल घ्यायचे, घरी जायचे.

आज सकाळी मी कपाट उघडलं. कुणालाही न विचारता. रबराचे तुकडे पडलेत. नोझलची भोकं कुंकवानं बुजलीत. पत्रा तेवढा शाबूत आहे.

नाना, रागवायचं तर रागवा. पुतळा झाला तर त्यालाही आपण हारच घालू, दुसरं काही येत नाही आपल्याला. अक्का, ही घ्या तुमच्या वडिलांची छत्री. पत्रेवाला मागे दाराशी उभा आहे, तुमच्या हातानं त्याला द्या. माझ्या हातानं नको.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत राहायचं आहे. सर जिवंत असताना आपण इतकी वर्षं गप्प राहिलो, ही दोन मिनिटं जड जाणार नाहीत.

सर, नमस्कार करतो. मला माफ करू नका.