नरसिंहाच्या खांबात दारूकाम नको

पाटील, पंच मंडळी, थळहून होडीने आलेले पाहुणे, आणि तिकडे ओट्यावर बसलेल्या आयाबायांनो,

धर्मा तांडेलासाठी तुम्ही एवढे जमलात. मला बोलायला उभं केलंत. दर वैशाखात याच देवळापुढच्या मांडवात मी हिरण्यकश्यपू होऊन गरजतो, तेव्हा माझा आवाज समुद्राच्या पुळणीपर्यंत जातो म्हणतात. आज अंगावर सोंग नाही. तरी बोलणार आहे. मला सांभाळून घ्या असं म्हणत नाही, कारण मीसुद्धा आज सांभाळून बोलणार नाही.

धर्मा माझा कोण होता? मिसरूड फुटल्यापासून तो नरसिंह आणि मी राक्षस. दरवर्षी मला मांडीवर घ्यायचा, पोट फाडायचा, आणि फाडताना हळूच गुदगुल्या करायचा. मेलेल्या राक्षसाने हसायचं नसतं, मंडळी. मी ओठ चावून पडून राहायचो. खेळ संपला की म्हणायचा, "धाकू, मेलास पण झ्याक मेलास रं!" असा माणूस. समुद्रावर वारा फिरला तरी ज्याचा चेहरा फिरत नसे, असा तांडेल. आणि तो गेला कुठे? समुद्रात नाही. आपल्या मांडवात गेला. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गेला.

काय झालं ते थळच्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तिन्हीसांजेला नरसिंह खांब फोडून बाहेर येतो. खांब कामट्यांचा, वरून रंगीत कागद. आत धर्मा उकिडवा बसलेला. अंगावर काथ्याची आयाळ, तोंडावर मुखवटा. आणि त्याच्या पायाशी, त्याच खांबात, भुईनळा आणि फटाक्यांची माळ. वर मांडव कशाचा? वैशाखात कडकडीत वाळलेल्या माडाच्या झापांचा. आता तुम्हीच सांगा, चुलीत तरी आपण याहून वेगळं काय घालतो?

आत बसण्याआधी धर्मा मला म्हणाला होता, "धाकू, औंदा दारू लय जवळ ठेवलीय ह्यांनी. पाय हलवाया जागा न्हाय." मी तिथल्या तिथे खेळाच्या कारभाऱ्यांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अरे, देवाला कधी चटका बसतो व्हय?"

बसला.

खांब फुटला, धूर झाला, धर्मा बाहेर आला तो पेटलेलाच. आयाळ पेटलेली, पाठ पेटलेली. आणि आपण काय केलं? आपण उभे राहिलो. हात जोडले. बायांनी लाह्या उधळल्या. कारण मुखवटा चढला की तो धर्मा नसतो, देव असतो, आणि देवाला कुणी शिवायचं नसतं. तो सैरावैरा धावत होता आणि आपण नमस्कार करत होतो! त्याला शिवायची मुभा एकट्या राक्षसाला. म्हणून मी त्याला मिठी मारली. हे हात बघा. या पट्ट्या अजून सुटल्या नाहीत. पण माझ्या दोन हातांनी काय होणार होतं? चार माणसं धावली असती, एक घोंगडी टाकली असती, तर धर्मा आज इथे बसून माझी टिंगल करत असता. मग वरची झापं पेटली, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की हा खेळ नाही. मांडवाची बाजू फाडून बायका-पोरं बाहेर काढली. ती वाचली. धर्मा नाही वाचला.

यात भक्तांचा दोष नाही. हात जोडणाऱ्याला मी बोल लावत नाही. आग कुणी आत आणली, एवढंच विचारतो.

आणि काल, बाराव्याचं जेवण होऊन हात सुकले नाहीत तोवर, पंच धर्माच्या बायकोच्या, हिरावहिनीच्या दारात गेले. म्हणाले, मुखवटा दे, पुढच्या साली धाकटा दीर गोमा नरसिंह होईल. खेळ तसाच, खांब तसाच, दारू तशीच. धर्माच्या नावाने जरा जास्तच! वहिनी काय म्हणाली? "मुखवटा नेवा. गोमाला न्हेऊ नका."

परंपरा म्हणता? कुणाची? माझा बाप राक्षस व्हायचा तेव्हा खांबात दारू नव्हती. ढोल-झांजा वाजायच्या आणि नरसिंह आपल्या हातांनी कामट्या मोडून यायचा. दारूकाम व्हायचं ते खेळ संपल्यावर, बाहेर, ओल्या पुळणीवर. मुंबईला कंपनीचं नाटक बघून आलेल्यांनी रेवसच्या बोटीतून ही माळ आणली आणि खांबात घातली. आजोबाच्या वयाची नाही तुमची ही परंपरा, माझ्या पोरीच्या वयाची आहे.

कुणी म्हणतं, फौजदाराने मांडवात दारूला मनाई केलीय, मग तर आपण उडवणारच, सायबाचं का ऐकायचं? अरे, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी मी आणि धर्मा एका कोठडीत बसलो होतो. सायबाचं ऐकू नये हे मला शिकवू नका. पण सायबाने पावसात भिजू नका म्हटलं, तर मुद्दाम भिजून ताप काढणार काय? हे मी सरकारसाठी मागत नाही. गोमासाठी मागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खेळ होऊ दे. ढोल वाजू दे. दारू उडवायची हौस असेल तर पुळणीवर उडवा, मीही बघायला येईन. पण मांडवाच्या आत एक फुलबाजीसुद्धा पेटता कामा नये. पेटणार असेल, तर दुसरा राक्षस शोधा. वाळीत टाकायचं असेल तर टाका. माझं पाणी तोडा, माझ्या मुलीच्या लग्नाला येऊ नका. मी खांबासमोर उभा राहणार नाही, आणि गोमाला खांबात बसू देणार नाही.

शेवटी सगळ्यांना धर्मासाठी स्तब्ध उभं राहायला सांग, असं मला पंचांनी सांगितलं होतं. सांगेन. पण आधी पाटलांनी उठावं आणि शब्द द्यावा. मनातल्या मनात नाही, कानात नाही, तिकडे ओट्यावर हिरावहिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्यानंतर आपण सगळे गप्प राहू, हवं तितका वेळ.

तोवर मी खाली बसत नाही.

बोला, पाटील.