गाठ निघाली तेवढी निघाली

मी देऊळघाटचा. बाप देऊळघाटचा, आजाबी देऊळघाटचा, विहाराच्या मांगं हे टिनाचं घर तेच. नाव प्रल्हाद. बाप लोकाच्या वावरात राबे, पण मले वावर काई आवडे नाई, मले गाडीचं याड. पयले लोकाच्या जीपा पुसल्या, मंग क्लीनर झालो, मंग ड्रायव्हर, अन मंग सोताची जीप. धाड ते बुलढाणा. धाडच्या बाजाराच्या दिवशी तं काय सांगू ताई तुमाले, माणसं आत, माणसं मांगं लटकेल, कोंबड्या टपावर, अन मी एका मांडीवर बसून गाडी हाकलून राह्यलो. लय मजेत होतो.

मंग पायातली चप्पल गळाले लागली. चालता चालता मांगून कोणी म्हणे, प्रल्हादभाऊ, चप्पल राह्यली ना मांगं. मले पत्ताच नाई. पाठीत ठणका लागे, कंबर भरून ये. कंबरेचा फोटू काढला, कंबर चांगली निघाली. पट्टा बांधला, मालीश केली, गोळ्या खाल्ल्या. मंग समजलं, गाठ होती वर, दोन्ही खांद्याच्या मधात, मणक्याच्या आत जी नस पायाले जाते त्या नसेत. कंबरेच्या फोटूत कशी दिसन ते? कोणाले दोष देऊ मी, दोष देऊन पाय येते काय. एक दिवस उतारावर मले समजेचना, पाय ब्रेकवर आहे का क्लचवर. खाली वाकून पाह्यलं. गाडी सवाऱ्यायनं भरेल. कशीबशी कडेले घेतली, साऱ्यायले उतरवलं, अन त्यानंतर गाडीले हात लावला नाई.

औरंगाबादले साऱ्या पाठीचा एमआरआय झाला. ऑपरेशनवाल्या बाई डॉक्टर होत्या, खोटं बोलल्या नाई हे त्यायचं मी आजबी म्हणतो. मले अन माया बायकोले, सिंधूले, समोर बसवलं. म्हणे, गाठ नसेच्या बाहीर असती तं सोलून काढली असती, हे आतमधी मिसळेल आहे, सारी निघणार नाई. मी म्हटलं, अन पाय? म्हणे, पाय येतीन असं मी सांगत नाई, आहे तेवढंबी जाऊ शकते. सिंधू म्हणे, मंग काऊन करायचं ऑपरेशन? हे तं चालत आले तुमच्याकडे, भित धरून का होईना. बाई म्हणे, नाई केलं तं गाठ वर सरकन, मंग हात जातीन, मंग श्वास. मंग मीच म्हटलं, करा.

चालत गेलो ताई मी. लोकाले वाटते पडेलच नेला याले. नाई. सिंधूच्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या पायानं गेलो. अन शुद्धीत आलो तं छातीच्या खाली मी नाईच. पाय दिसे समोर, पण कोण्या दुसऱ्याचे आणून ठेवल्यावानी. बाई रोज येत, म्हणत डोळे मिटा, पायाचा अंगठा मी वर केला का खाली केला सांगा. मी आपला अंदाजानं म्हणे, वर. एक दिवस बाई हळूच म्हणे, भाऊ, मी अजून हातच लावला नाई.

बाजूच्या खाटेवर वरवट बकालचे शंकरभाऊ होते, कास्तकार माणूस. त्यायची गाठ डोस्क्यात. आमाले वाटे हे काई वाचत नाई, डोस्कं उघडणार म्हणजे काय. तं तो माणूस उठला, बसला, टाक्यायवर रुमाल बांधून साऱ्या वार्डात फिरला. त्यायची गाठ साधी निघाली, पुरी निघाली. बायकोले म्हणे, चाल वं, हरभरा सोंगाचा आहे, अन गेले चालत. मायी गाठ वाईट निघाली. लाईट दिली पाठीवर, ते रेडिएशन म्हणते ते, मंग घरी आणलं.

मंग एक दिवस शंकरभाऊ भेटाले आले. वरवट बकाल काई जवळ आहे काय, दोन गाड्या बदलून आले. खाटेच्या पायथ्याशी बसले. कापसाचं सांगे, पोरीच्या लग्नाचं सांगे, मी हाव हाव करे. मंग सहज खाली नजर गेली तं त्यायनं मायी दोन्ही पावलं मांडीवर घेतली होती, अन बोलता बोलता चोळून राह्यले होते. कवापासून, कोणाले ठाऊक. मले तं काईच नाई समजलं. मी तोंडावर चादर घेतली. ते म्हणे, दुखलं काय?

आता हाताच्या बोटाले मुंग्या येते. गेल्या बारीले बाईनं नवा फोटू पाह्यला, म्हणे आत राहेल तुकडा वाढून राह्यला, आता पुन्हा उघडण्यात अर्थ नाई, घरीच आरामात ठेवा. सिंधूनं ते काई मनावर घेतलं नाई. विहारात जाते, मेणबत्ती लावते, हात जोडून कितीक वेळ उभी राह्यते. आपल्या धम्मात मागणं नसते, पण ते मागते, मले मालूम आहे. मी म्हटलं, पायाचं नको मागू वं आता. म्हणे, पायाचं कवाच सोडलं मी. म्हटलं, मंग काय मागतं? तं उठली अन माया शर्टाच्या गुंड्या लावाले लागली. मायाच्यानं आता त्या लागत नाई.

तुमी लांबून आल्या ताई, ऐकून घेतलं, बरं वाटलं. चांगल्या राहा.