बायको कितव्या पानावर?

सुट्टीसाठी पुस्तकं न्यायची म्हणून वाचनालयात रांग लागली होती. माझ्या पुढे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको उभे होते.

“हे घेऊ या. जहाजाच्या कप्तानाचं आत्मचरित्र आहे.”

“थांबा, बघू द्या. बायको येते दोनशे बाराव्या पानावर, आणि आल्या आल्या त्याची बॅग भरायला लागते. ठेवा परत.”

“अगं, सुट्टीत वाचायला पुस्तक हवंय, सोयरीक नाही जुळवायची.”

“दुसरं कुठलं आहे?”

“सर्जनचं. ऑपरेशनं भारी आहेत यात.”

“आणि बायको? चहा आणते, तोही तेविसाव्या ऑपरेशननंतर.”

“आता सगळी आत्मचरित्रं तू अशीच पारखणार का?”

“तुमचं टाइप करायला घेतल्यापासून खोडच लागलीय. पाणीखात्यातल्या आठवणींची तीनशे पानं झाली. चार पंप आले, दोन टाक्या गळल्या, पण तुमचं लग्न काही होईना.”

“पुढच्या प्रकरणात घेतोय ना तुला.”

“ते परवाच टाइप केलं. त्यात पाचवा पंप आला.”

“बरं बाई, कप्तान राहू दे. सुट्टीत बसून तुझ्यावरच लिहितो.”

“कशाला उगाच त्रास घेता? टाइप करता करता मीच घातलंय स्वतःला. आठव्या पानावर.”

“आठव्या? तेव्हा मी चौथीत होतो.”

“हो ना. तिथून पुढे जरा वाचण्यासारखं झालंय.”