जपानी एरियल

आपली कोराडीची बस सुटली तरी रामाजी काटोलच्या रांगेतून हलला नाही. पुढं नवराबायकोची जुगलबंदी अशी रंगली होती की, बस उद्याही मिळाली असती.

"रेडिओचा एरियल, थेट दिल्लीहून पोस्टाच्या व्हीपीनं मागवला! आता तुह्या रुपरावदादाची बोलती बंद."

"दादाच्या दुकानात असाच होता जी, पाच रुपयांचा."

"तो डबडा! हा पंचेचाळीसचा, जपानी. सिलोन लावलं का रावणाचं घोरणं बी ऐकू येते."

"मंग जपानचं लेबल काहून निघून राहिलं?"

"नख नको लावू वं!"

"अगं बाई! खाली मराठीत लिहून आहे."

"काय?"

"रुपराव रेडिओ, काटोल."

"हळू वाच वं, लोकं ऐकून राहिले!"

"चला जी, बस लागली. दादा वाट पाहून राहिला."

"थांब वं! आधी थुंकी लावून जपान चिकटव."