बेरशेबाची विहीर

आमच्या माणदेशातल्या विहिरीमुळं मी येडा ठरलो, ते सांगितलं का तुम्हाला? ती विहीर कोणी खणली, यावरून माझे दोन चुलते, आप्पा आणि तात्या, चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी फौजेत असताना शांतिसेनेतून इस्रायलच्या सीमेवर होतो. तेव्हा बेरशेबा गाव बघितलं होतं. सुट्टीवर आल्यावर आप्पांना म्हटलं, "हिब्रूत त्या नावाचा अर्थ कोणी सातांची विहीर सांगतात, कोणी शपथेची."

"सात कशाची रं?"

"कोकरांची. अब्राहामानं विहीर खणली, ती राजाच्या माणसांनी बळकावली. मग त्यानं राजाला सात मादी कोकरं दिली. म्हणाला, ही घे, म्हणजे विहीर मी खणली याला तू साक्षी. मग दोघांनी तिथंच शपथ घेतली."

"म्हंजी आपल्या बेल-भंडाऱ्याच्या शपथंवानीच की!"

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन आप्पांनी सात कोकरं तात्यांच्या दारात नेली. "ही घे आन कबूल कर, हीर म्या खणली."

ती गोष्ट तात्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यांनी आपली सात कोकरं बाहेर काढली. "ही तू घे. म्या खणली."

चौदा कोकरं एकात एक मिसळली. दोघं वाकून कानाच्या खुणा बघत ती वेगळी करायला लागले. मध्येच तात्यांनी मला विचारलं, "त्या बेरशेबाच्या हिरीला पानी हाय का रं अजून?"

"आत वाकून बघितलंच नाही."

दोघांनी कोकरं सोडली आणि माझ्याकडं बघितलं.

विहीर कोणाची ते अजून ठरलेलं नाही. पण मी येडा आहे, यावर दोघांचं एकमत झालंय.