वस्तादांचे कान

मी मालकांना घाबरायचे म्हणता? ऐका मग. साताऱ्यात पोस्टर-पत्रिका छापायच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसायचे, तेव्हाची गोष्ट. कोरेगावच्या एका वस्तादांचं पेन्सिलचित्र कुस्त्यांच्या पोस्टरसाठी आलं होतं. कॉम्प्युटरवर लेअर असतात, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे; मी ते स्कॅन करून खालच्या लेअरवर ठेवलं आणि वरच्या लेअरवर सगळं गिरवलं, कुस्तीत मोडलेल्या कानांसकट.

मालक म्हणाले, "कान आहेत का भजी? पुसून टाक. सरळ काढ."

"पैलवानाचे कान असेच असतात."

"मालक कोण, तू का मी?"

काढले सरळ. मोडलेले मात्र वेगळ्या लेअरवर लपवून ठेवले.

वस्ताद आले आणि पडद्याकडे बघून भडकलेच. "ह्यो कोण? तालमीत घासून घासून कमावल्यालं कान कुठं गेलं माजं?"

मालकांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "नवीन पोरगी आहे, चुकली."

माझं डोकंच फिरलं. सरळ कानांचा लेअर बंद केला, लपवलेला चालू केला. मोडके कान जागच्या जागी!

"हां! ह्यो मी!" वस्ताद खूश.

मालक दातओठ खात म्हणाले, "पुसून टाक म्हणालो होतो ना?"

मी वस्तादांसमोरच म्हटलं, "म्हणाला होतात की. म्हणून तर त्या लेअरला कुलूप घातलं होतं."