खिचडीतली डाळ

खरं सांगू? मले पहिल्यापासून शेवंताबाईवरच डाऊट होता. शाळेतली खिचडी तीच रांधते. माझी पोरगी रोज सांगे, "आई, खिचडीत डाळच नसते." म्हटलं, हीच घरी नेत असंल. धाड गावच्या बाजारात ती डाळ इकत घेते का, तेही मी पाहून राह्यली होती.

पोरांच्या आधी एका पालकानं खिचडी चाखायची, अशी शाळेत रीत आहे. माझी पाळी आली. पाहते तर खिचडी डाळीनं पिवळीधम्मक!

"काऊन वं शेवंताबाई, आजच बरी डाळ पडली?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणे, "माय, तू रोजच येत जाय. चाखणारं कोणी आलं, तरच हेडसर डाळीच्या कोठीचं कुलूप उघडतात."